सोमलिंगअप्पांचं लॉगिन

दोन हजार एक साली परळीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत रुद्राणी कॉम्प्युटर सांभाळायची. गावोगावचे डेपोवाले फोनला मोडेम जोडून, इंटरनेटवरून कंपनीच्या सिस्टिममध्ये शिरत आणि बियाण्याच्या उगवणीची नोंद टाकत. कोण कधी आत आलं, ते तिला पडद्यावर दिसे. भलतं कुणी आत येऊ नये, ही जबाबदारी तिची.

सिरसाळ्याचे डेपोवाले सोमलिंगअप्पा वारले. ती स्वतः मातीला जाऊन आली होती. पाचव्या दिवशी दुपारी चारला पडद्यावर त्यांचं नाव उमटलं.

वीस मिनिटांनी नाव गेलं. नोंद उघडली, तर शंभरातले सत्त्याऐंशी दाणे उगवलेले आणि शेवटी ‘ओल बरी’. अप्पा असंच लिहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाव आलं, तिसऱ्या दिवशीही. चार वाजत आले की ती उठून व्हरांड्यात जाऊन उभी राहू लागली.

शेवटी एसटी धरून ती सिरसाळ्याला गेली. अप्पांच्या घरी कॉम्प्युटरपुढं त्यांची बायको शिवम्मा बसली होती. शेजारी ओल्या गोणपाटात मोड आलेलं बी.

“काकू, हे तुमी टाकता?”

“दोन वर्सं झाली. त्यांना दिसत न्हवतं. मोजायचं मी, लिहायचं मी. नाव तेवढं त्यांचं.”

“ते गेल्यावर तरी सांगायचं.”

“कुणी इचारलं? बी भिजत घातलेलं. मोजावं तर लागतंच की.”

ऑफिसात साहेबांनी, सुंदररावांनी, सगळं ऐकून घेतलं. “पासवर्ड बाहेरच्या माणसाकडं हाय, म्हणजे दार सताड उघडं. बंद करा.”

“सर, काकूंच्याच नावाचं लॉगिन देऊ या ना.”

“कंपनीच्या यादीत नाव हाय त्यांचं?”

नव्हतं. रुद्राणीनं लॉगिन बंद केलं, सगळ्या डेपोंचे पासवर्ड बदलले. शिवम्माला कळवायला तिनं दोनदा फोन उचलला आणि दोन्ही वेळा ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी चारला ओळ आली: सोमलिंग, प्रवेश नाकारला. मग पुन्हा. मग पुन्हा. पलीकडं कोण आहे हे ठाऊक असूनही तिच्या अंगावर काटा यायचा. आधी यायचा त्याहून जास्त. अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी ओळ आली नाही, आणि ते तिला सोसवेना.

सिरसाळ्याच्या घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, शिवम्मा लेकीकडं धर्मापुरीला गेली. रुद्राणी तशीच उलटी फिरली आणि दिवस कलताना धर्मापुरीला पोचली.

“काकू, लॉगिन मीच बंद केलं.”

शिवम्मा म्हणाली, “सांगायचं तरी, बाई. मला वाटलं माझंच काही चुकतंय. रोज नवं काहीतरी करून बघायची.”

“चुकलं ते माझं,” रुद्राणी म्हणाली.

“आता तिथं कोण मोजतंय?” शिवम्मानं विचारलं.

“कुणीच न्हाई, अजून.”