मागून बसलेली गाडी

ओझं ओढणारी गाडी मागून बसली की पुरुषांना तिची लाज वाटते. बावीस वर्षं बघतेय मी हे. टायर गुळगुळीत झालेत, त्याची लाज नाही. ब्रेक उशिरा लागतो, त्याचीही नाही. पण गाडीचं बूड जमिनीला टेकलंय आणि नाक आभाळाकडे गेलंय असं चारचौघांनी पाहिलं, की यांना मान खाली घालावीशी वाटते. मग माझ्या गॅरेजात येऊन म्हणतात, "वेंडी, जरा मागून उचलून दे."

आमच्या सेडूना गावाच्या पुढे नलारबोरचं माळरान. बाराशे किलोमीटर नुसता सरळ रस्ता. त्यामुळे पश्चिमेला निघालेले सगळे कॅरव्हॅनवाले, म्हणजे गाडीमागे चाकांवरचं घर ओढत फिरणारे, आमच्या गावात मुक्काम टाकतात आणि संध्याकाळी पाच वाजता कॅरव्हॅन-पार्कात घडीच्या खुर्च्यांचं रिंगण करून बियर पीत बसतात. बोलणं एकच: कोणाच्या गाडीखाली काय बसवलंय. आठातल्या एकाने गाडी मागून वर उचलायला हवेच्या पिशव्या बसवल्या की उरलेल्या सातांना त्या हव्याशा वाटतात, आणि एकदा बसवल्या की वाईट म्हणायची सोय राहत नाही, कारण पैसे गेलेले असतात. त्या रिंगणाची मला किळस येते. तिथून शिकून आलेल्या माणसाला काही सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

या जुलैत तिथून शिकून आला तो माझाच मेव्हणा. केल्विन. माझी थोरली बहीण लॉरेल, तिचा नवरा. पोर्ट लिंकनहून तीन टनांची कॅरव्हॅन ओढत आलेला, पुढे चार दारांची पांढरी पिकअप, मागून चांगलीच बसलेली. जायचं होतं पश्चिमेला, वाटेत देवमासे बघत. देवमासे लॉरेलचे, बाकी सगळा प्रवास त्याचा. शाळेच्या कॅन्टीनमध्ये एकतीस वर्षं सँडविच करताना ती एवढंच म्हणत आली होती, की एकदा समुद्राकाठच्या त्या कड्यावर उभं राहून खाली पाण्यात आई आणि पिल्लू पहुडलेलं बघायचंय. दुसरं तिने काही मागितल्याचं मला आठवत नाही.

केल्विनला पिशव्या हव्या होत्या. मी त्याला गाडीखाली वाकायला लावून दाखवलं. पिशवी गाडीचं अंग उचलते, वजन उचलत नाही; ते आहे तिथेच राहतं. हुक पार टोकाला, तिथे कॅरव्हॅन खाली दाबणार. पिशवी मधेच वर रेटणार. खड्डा आला की चासी, गाडीखालचा सांगाडा, केबिनच्या मागे मोडते, गुडघ्यावर काठी मोडावी तशी. अशी एक कंबर मोडलेली पिकअप माझ्या परसात दोन वर्षं पडून होती. शेवटी मालक आला आणि तिच्यातल्या पिशव्या तेवढ्या काढून घेऊन गेला. नव्या गाडीला लावायला.

केल्विन हसला. म्हणाला, पार्कातल्या एकाने पिशव्यांवर सगळा देश पालथा घातलाय.

मी म्हटलं, आधी वजन करू. प्रवासाला निघतोस तशी भरलेली गाडी काट्यावर घालू, मग त्या वजनाला पेलतील असे स्प्रिंगचे पाटे मी देते. तर म्हणे वजन घरीच केलंय, आणि खिशातून चिठ्ठी काढली. आकडा छान होता, फारच छान. पाण्याच्या टाक्या भरलेल्या होत्या का, विचारलं. तो खिशात चिठ्ठी परत ठेवत राहिला. लॉरेल टायरकडे बघत होती.

चहाला आत आलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "लावून दे ना गं त्या पिशव्या. गाडी वर दिसली की त्याचं डोकं शांत होईल."

तेव्हा मला तिचीही किळस आली, खोटं कशाला बोलू. आदल्याच दिवशी येताना एलिस्टन गावाच्या पुढे मोठा ट्रक शेजारून गेला आणि कॅरव्हॅनने शेपूट हलवायला सुरुवात केली, डावीकडे, उजवीकडे, पिकअपचं बूड बरोबर घेऊन. लॉरेलने दाराची कडी घट्ट धरली. केल्विन ओरडला, पण ट्रकवर नाही, तिच्यावर. कडी तुटेल म्हणून. हे तिने मला बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं, हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं. आणि मग पुन्हा, "लावून दे ना."

"नाही," मी म्हटलं. "माझी बहीण बसणार आहे त्या गाडीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या नळीने कॅरव्हॅनच्या दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या आणि तिघं बंदरावर, धान्याच्या कोठारांपाशी गेलो. तिथला भुईकाटा मर्व्ह सांभाळतो. निघण्याआधी मी पिकअपचा हौदा आणि कॅरव्हॅनची कपाटं उघडून पाहिली होती. हौद्यात होडीचं इंजिन होतं, होडी मात्र नव्हती. ती म्हणे पुढे कुठेतरी भाड्याने मिळेल. जनरेटर. माशांना धुरी द्यायची लोखंडी पेटी. बियरने भरलेला दुसरा फ्रिज. आणि हत्यारांची एवढी मोठी ट्रंक, की ज्याला बल्ब बदलता येत नाही त्याने ती कशासाठी बाळगावी ते देव जाणे. लॉरेलचं सामान कॅरव्हॅनमधल्या पलंगाखाली होतं: एक पिशवी आणि दुर्बिणीचा डबा.

कॅरव्हॅन हुकाला तशीच ठेवून पिकअप काट्यावर घेतली, म्हणजे हुकावर पडणारा भारही मोजला जातो. केल्विन आणि लॉरेल आत बसलेले. मर्व्हने आकडा सांगितला. गाडीच्या मर्यादेपेक्षा एकशे नव्वद किलो जास्त.

केल्विन उतरून खिडकीशी गेला, काटा बरोबर आहे ना म्हणून विचारलं. मर्व्ह म्हणाला, साऱ्या जिल्ह्याचा गहू त्यावरून जातो. केल्विन परत येऊन बसला. पुन्हा एकशे नव्वद. मग तो थोडा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला, आणि शेजारी वळून म्हणाला, "लॉरेल, तू जरा उतर बघू."

ती उतरली. सवयीने उतरली, काच वर करून, दार हलकेच लावून, आणि काट्याबाहेर खडीवर जाऊन उभी राहिली.

"एकशे अठ्ठावीस," मर्व्ह म्हणाला.

"बघ," केल्विन मला म्हणाला, आणि खरंच खूश दिसला. "हेच छापून दे, मर्व्ह."

मर्व्हने चष्मा काढून पुसला. "गव्हात खडे घालणारे बघितलेत मी," तो म्हणाला. "बायको वजा करणारा पहिलाच."

मला सगळ्यांत जास्त बोचला तो त्याचा आनंद. वाईट हेतू असता तर निदान भांडता आलं असतं. इथे हेतूच नव्हता. आकडा जास्त होता आणि सगळ्यांत सोप्पं काढता येण्यासारखं जे होतं, ते त्याने काढलं.

मागे धान्याचा ट्रक येऊन थांबला होता. केल्विनने हात केला, चल, बस. लॉरेल हलली नाही.

"आकडा माझ्यासकट मर्यादेत आला की बसते," ती म्हणाली.

तो हसला. म्हणाला, अगं लोक खोळंबलेत. ती म्हणाली, खोळंबू देत. मग त्याचं हसू गेलं. "मग काढू तरी काय मी?"

"ते तू ठरव. मी तर उतरलेच आहे."

दुसरा ट्रक आला, तिसरा आला. ड्रायव्हर खाली उतरून सिगारेटी ओढत उभे राहिले. केल्विन कॅरव्हॅनमध्ये शिरला आणि पहिली गोष्ट बाहेर घेऊन आला ती लॉरेलची पिशवी. वर दुर्बीण. दोन्ही मिळून पाच किलो नसतील.

एका ड्रायव्हरने मान फिरवून समुद्राकडे पाहिलं. लॉरेलने पुढे होऊन पिशवी उचलली, खांद्याला लावली, आणि पुन्हा होती तिथे जाऊन उभी राहिली.

मग हौद्यातून इंजिन आलं. मग जनरेटर, पेटी, आणि शेवटी त्या ट्रंकेला हात लावायला त्याला मीच मदत केली, कारण त्याचं तोंड लाल झालं होतं आणि मला काट्यावर प्रेत नको होतं. बियरचा फ्रिज मर्व्हने स्वतःहून ठेवून घेतला. पाऊण तास गेला. लॉरेल पिशवी घेऊन चढली, आणि आकडा मर्यादेच्या आत तीस किलो आला.

दुपारी पाटे निवडायला बसलो, तर आता त्याला सगळ्यांत जाड हवे होते. मी दिले नाहीत. कॅरव्हॅन सोडून नुसती गाडी चालवशील तेव्हा ते दात खिळखिळे करतील, आणि खडबडीत रस्त्यावर मागची चाकं जमीन सोडतील. मधले घातले. कॅरव्हॅन जोडली की गाडी मागून दोन बोटं बसेल, बसू दे, बसायलाच हवी. पाच वाजता रिंगणात जाऊन माझ्याबद्दल काय बोलला असेल ते मला माहीत आहे.

मी शेवटचे नट आवळत होते तेव्हा लॉरेल येऊन उकिडवी बसली. हातात माझ्यासाठी सँडविच.

"काट्यावर माझं किती भरलं गं?"

मी वजाबाकी केली. "बासष्ट."

तिने तो आकडा एकदा स्वतःशी म्हणून पाहिला आणि हसली.

"मला वाटलं त्याहून कमी असेन," ती म्हणाली.