आर्विडची सहा काडतुसं

“हे घे आणि विकून टाक,” फेडोसिया म्हणाली. छातीवरच्या चामडी पट्ट्यातून रिव्हॉल्वर काढून तिनं माझ्या काउंटरवर ठेवलं. “आणि मला एखादं हलकं दे. म्हातारीला झेपेल असं.”

माझ्यासमोर तेव्हा टेक्सासहून आलेला एक शिकारी उभा होता. अस्वलाच्या शिकारीचा परवाना त्याला सोडतीत लागला होता. शिकार रायफलीनंच करायची होती, पण कमरेला काहीतरी असू द्यावं असं मित्रांनी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. दुकानातलं सगळ्यात मोठं धूड तो दोन्ही हातांनी तोलून बघत होता.

“यानं अस्वल थांबेल ना?” त्यानं विचारलं.

“लागलं तर थांबेल. फक्त नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी आधी घासून गुळगुळीत करून घ्या.”

“ती कशाला?”

“अस्वलानं हिसकावून घेऊन तुमच्या मागून आत घातलं, तर कमी दुखेल.”

हा विनोद आमच्या अलास्कातल्या कोडियाक बेटावर माझ्या बापाच्या काळापासून शिळा आहे, तरी फेडोसिया प्रत्येक वेळी हसते. त्या दिवशी ती हसली नाही. मग मी त्या गृहस्थाला समोरच्या हॉटेलात पाय खायला, म्हणजे आमच्याकडचा गोड पाय, फळं घातलेला, पाठवून दिलं आणि दाराची पाटी उलटी केली.

“बस,” मी म्हणालो. “काय झालं ते नीट सांग.”

“नापास झाले, वेंडल. सहातली एक लागली. तीही शेपटाला.”

अस्वलाला शेपूट असतं तरी केवढं! पण हे मी मनात म्हणालो.

फेडोसिया हाल्वर्सन सरकारी मत्स्यखात्यात मासे मोजते. बेटाच्या दक्षिण टोकाला एका नदीत आडवं कुंपण घालतात, त्यात एक फट ठेवतात आणि समुद्रातून वर चढणारा एकेक सॅमन त्या फटीतून जाताना मोजतात. सव्वीस उन्हाळे ही बाई कमरेएवढ्या गार पाण्यात उभी राहून हातातला मोजणीचा खटका दाबत आली आहे. आता मासे जिथं, अस्वलं तिथं, हे काय सांगायला हवं? कुंपणात अडकलेला ओंडका सोडवायचा तर दोन्ही हात लागतात. लांब बंदूक काठावर टेकवून ठेवावी लागते, आणि अस्वल नेमकं तेव्हाच यायचं. म्हणून छातीवर रिव्हॉल्वर. खातं दर मे महिन्यात परीक्षा घेतं. फळकुटावर रंगवलेलं अस्वल चाकांच्या गाड्यावरून दोरीनं अंगावर ओढत आणतात. चार सेकंदांत तीन गोळ्या, असं दोनदा. सहातल्या चार लागल्याच पाहिजेत.

“शनिवारी परत एकदा बोलावलंय,” ती म्हणाली. “तेव्हाही हुकलं तर नदी बंद. ऑफिसात बसून वय बघायला माशांचे खवले कार्डावर चिकटवत बसायचं.”

“ऊब तरी मिळेल.”

“ऊब नकोय मला! आर्विड गेल्यापासून मला घरात श्वास घेता येत नाही. ती नदी आहे म्हणून मी उठते, जेवते. नदी गेली तर मी काय करू, सांग ना?”

आर्विड तिचा नवरा, जाऊन दोन वर्षं झाली होती. मी पिस्तुलांचं कपाट उघडलं. माणसाला शब्द सुचले नाहीत की त्यानं आपलं काम करावं.

दुकानामागे जुन्या दगडखाणीत मी नेमाच्या सरावाची जागा केली आहे. आधी दिलं दहा मिलिमीटरचं पिस्तूल. हलकं, पंधरा गोळ्यांचं. हल्ली सगळे मार्गदर्शक तेच वापरतात. पण त्याचा वरचा भाग मागं खेचताना तिचा सुजलेला अंगठा तीनदा निसटला. मग दिलं एक लहान रिव्हॉल्वर. त्याचा आवाज असा कडाडला की ती दुसऱ्या गोळीला डोळे मिटूनच उभी राहिली. मी मुद्दाम गोळीचं एक घर रिकामं ठेवून तिच्या हाती दिलं. चाप ओढला, नुसतं टिक् झालं, तरी नळी वीतभर खाली गेली. दणका नव्हताच, तरी हात दचकला.

“बघितलंस?” ती म्हणाली. “दोन वर्षांत हात गेले माझे. आर्विड होता तोवर माझं ते चव्वेचाळीसचं मॅग्नम रिव्हॉल्वर मी झुरळ मारावं तसं चालवत होते.”

म्हातारं झाल्यावर सगळे असंच म्हणतात. मीही म्हणतो. परत आत आलो. निदान तिच्या रिव्हॉल्वरची किंमत तरी करू, म्हणून मी ते उघडलं, भिंग लावलं आणि गोळ्यांची चक्री हलवून पाहिली. हललीच नाही. म्हणजे फिरायची तशी फिरली, पण आजूबाजूला केसभरही नाही. नळी चक्रीला भिडते तिथं वरच्या पट्टीवर जबर काडतुसांनी जळकी खाच पडते, तीही नाही. या जातीची रिव्हॉल्वरं दहा वर्षांत खिळखिळी होऊन माझ्याकडे येतात. हे सव्वीस वर्षं चाललेलं, आणि लग्नाच्या दिवशी असावं तसं.

“फेडी, यात काडतुसं कुठली घालायचीस?”

“आर्विडची. दुसरी कुठली घालणार?”

आर्विड मासेमार होता. हिवाळ्यात बोट वर ओढली की शेडमध्ये बसून स्वतः काडतुसं भरायचा. दर वसंतात बायकोला एक खोका द्यायचा.

“आणि ती संपल्यावर?”

“संपल्यावर तूच दिलीस की! मार्चमध्ये. लाल खोका. ‘अस्वलासाठी याहून जबर काही नाही,’ असं म्हणत होतास. छाती फुगवून.”

म्हणालो होतो खरं. मला एकदम गरम व्हायला लागलं.

“त्याचं एखादं उरलंय?”

तिनं पट्ट्याच्या चामडी घरांवर हात ठेवला. “सहा आहेत. त्याच्या हातची शेवटची. ती मी फळकुटावर उडवणार नाही, आधीच सांगते.”

“एक नुसतं दे. कानाला लावतो फक्त.”

तिनं नाइलाजानं दिलं. लांब मॅग्नमची पुंगळी, जादा दारू मावेल अशी, टोकाला जड, टणक शिशाची गोळी. दिसायला अगदी अस्सल. मी ते कानाशी धरून हलवलं. खुळखुळलं. लाल खोक्यातलं घेऊन हलवलं. त्यातून काही आवाज येईना, दारू ठासून भरलेली. पुन्हा आर्विडचं हलवलं आणि मला हसू फुटलं. काय माणूस होता!

“काय झालं? हसायला काय झालं?”

“तुझ्या नवऱ्याचं काडतूस अर्धं रिकामं आहे.”

तिला पटेना. मग तिच्या परवानगीनं मी ते उघडलं आणि आतली दारू तराजूच्या पारड्यात ओतली. लाल खोक्यातल्याचीही दुसरीकडे ओतली. पुढं मला काही बोलावं लागलं नाही. तिनं दोन्ही ढीग बघितले, मग स्वतःचे हात वर धरून बघितले, पुढून आणि मागून.

“म्हणजे माझे हात...”

“होते तसेच आहेत. तू आयुष्यात पूर्ण भरलेलं मॅग्नम कधी चालवलंच नव्हतंस. पहिल्यांदा चालवलंस ते यंदाच्या मार्चमध्ये, माझ्या कृपेनं. एकदा हाताला धसका बसला की मग कुठलंही पिस्तूल द्या, तो दचकणारच.”

ती खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली. मी तिला माझा रुमाल दिला. त्याला तेलाचा वास होता, पण तिनं घेतला. मार्चपासून ही बाई आपण संपलो असं समजून चालली होती, आणि खोट होती ती फक्त एका खोक्याची. मलाही इतकं मोकळं वाटलं की मी उगाच काउंटर पुसायला घेतला.

मग तिचं रडं थांबलं आणि राग आला. तो येणारच होता.

“इतकी वर्षं! मला अस्वलांच्या तोंडी उभं करून हा मेला अर्धी काडतुसं देत होता? आणि ते मोठं अस्वल आलं तेव्हा? बारा पावलांवर होतं! मी याच खुळखुळ्यानं त्याच्यासमोर उभी राहिले?”

“आणि पाडलंस. त्याची कवटी खात्याकडे जमा करायची होती, ती मीच साफ केली होती. गोळी नाकातून शिरून मानेच्या मणक्यापर्यंत गेली होती. त्यानं दारू कमी केली होती फेडी, शिसं कमी केलं नव्हतं. जड गोळी सावकाश गेली तरी सरळ जाते. पण आधी ती लागावी लागते.”

हे बोलता बोलता मला त्याची शेड आठवली. फळीवर दोन खोके शेजारी शेजारी असायचे. एकावर पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘अस्वल – मी’. दुसऱ्यावर, ‘अस्वल – फेडी’. मला वाटायचं, नवराबायकोत भांडण नको म्हणून वाटणी केली असेल. आणि दुकानात कुणी मोठं धूड मागायला लागलं की आर्विड कोपऱ्यातून म्हणायचा, लागलेली टिकली हुकलेल्या तोफेपेक्षा बरी. मी त्याला गप्प बसवायचो, गिऱ्हाईक पळवतो म्हणून. तो कुणाबद्दल बोलत होता, हे मला इतक्या उशिरा कळलं. पन्नास वर्षं पिस्तुलं विकतोय मी, आणि एवढं साधं विचारायचं सुचलं नाही, की बाई, तुझा हात कशाला सरावलाय?

“मला सांगितलं का नाही त्यानं?” तिनं विचारलं.

“सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

“पूर्ण भरलेलं मागितलं असतं.”

“मग?”

“आणि हुकले असते,” ती म्हणाली, आणि हसली. “लबाड मेला.”

मी ते उघडलेलं काडतूस त्याच्याच दारूनं परत बसवून दिलं आणि त्याच मापानं एक नवा खोका भरला. शुक्रवारभर ती खाणीत होती. सुरुवातीचं दचकणं दुपारपर्यंत ओसरलं.

शनिवारी मीही गेलो. माझं तिथं काही काम नव्हतं, पण घरी बसवेना. परीक्षा घेणाऱ्या ब्रेनाला फेडोसियानंच पहिल्या वर्षी मासे मोजायला शिकवलं होतं. पोर बिचारी घाबरून गेली होती.

“मावशी, घाई नको करूस हं,” ती म्हणाली. “पण नियम म्हणजे नियम. मी काही करू शकणार नाही.”

“तू दोरी ओढ गं,” फेडोसिया म्हणाली.

तिनं माझ्या खोक्याला हात लावला नाही. पट्ट्यातून आर्विडची सहा काढली आणि एकेक करून भरली.

“अगं, दोन वर्षं नदीवर होती ती,” मी हळूच म्हणालो. “ओल लागली असेल.”

“ज्यानं भरली त्यानं मला कधी तोंडघशी पाडलं नाही. आज पाडणार आहे का?”

गाडा सुटला. तीन बार. गाडा मागं गेला, परत आला. पुन्हा तीन. ब्रेना धावत जाऊन भोकं मोजून आली आणि तिथूनच ओरडली, “पाच! मावशी, पाच! सहावी कानाला चाटून गेलीय!” मग नियमबियम विसरून तिनं फेडोसियाला मिठीच मारली. फेडोसियानं बेटावरच्या जुन्या रशियन पद्धतीनं छातीवर क्रूस काढला, चक्री उघडली आणि सहाही गरम पुंगळ्या माझ्या हातात ओतल्या.

“भरून दे,” ती म्हणाली. “तशाच.”

जूनच्या पहिल्या सोमवारी पाण्यावर उतरणारं विमान धक्क्याला लागलं होतं. तिचं सामान चढत होतं, पिठाची पोती, कॉफी, गमबूट. मी खोका घेऊन गेलो. झाकणावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘अस्वल – फेडी’. अक्षर माझं वाईट आहे, पण दुसरं काय लिहायचं ते मला सुचलं नव्हतं.

तिनं ते वाचलं आणि झाकण उघडलं. आर्विडच्या सहा पुंगळ्या पुन्हा भरून वरच्या ओळीत ठेवल्या होत्या. तिनं पहिलं काडतूस उचललं, कानाशी धरून हलवलं आणि पट्ट्यात सरकवलं. मग दुसरं.

“माझ्यावर विश्वास नाही वाटतं?” मी म्हणालो.

“नवऱ्यावर ठेवला होता, तर बघ काय झालं.”

वैमानिकानं हाक मारली. तिनं हातानंच थांब म्हटलं आणि तिसरं, चौथं, पाचवं ऐकून घेतलं. सहावंही खुळखुळलं, तरी ती ते कानाशी धरून हलवत राहिली. मग तेही पट्ट्यात ठेवलं, वर बटण लावलं आणि विमानात चढली.