तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची

सकाळचे अकरा वाजले होते, पण नोंदणी कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर एकही कारकून आपल्या टेबलाशी नव्हता. सगळे हेडक्लार्कच्या खुर्चीभोवती दाटीवाटीने उभे होते. दोघे-तिघे तर कपाटावर चढले होते. हातभर अंतरावरची फाइल घ्यायलाही घंटी वाजवणारी ही मंडळी कपाटावर पाहून मी हातातला गठ्ठा खाली ठेवला.

मी इथला शिपाई. इमारतीला लिफ्ट नाही. चार मजल्यांचे कागद दिवसभर मीच वर-खाली करतो, म्हणून सगळे मलाच ‘लिफ्ट’ म्हणतात.

खुर्चीशेजारी एक मांत्रिक बाबा उभा होता. पांढरा सदरा, लांब बाह्या आणि खर्जातला आवाज. त्याने गर्दीतूनच एक जुनं हलकं नाणं मागून घेतलं, दोन बोटांत चोळलं आणि माझ्या दादाच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ बंद केली.

“या खुर्चीने चार घेतले,” बाबा म्हणाला. “पाचव्याची ती वाट बघतेय. बघू दे! आपण तिच्या तोंडचा घास काढू.”

मिनिटभरात दादा कळवळला. “भाजतंय! बाबा, भाजतंय!”

मूठ उघडली तर नाणं काळवंडलं होतं आणि त्यावर मऊ राख उगवत होती. आमच्या डोळ्यांदेखत ती वाढत होती.

“छातीतला काळ हातावाटे निघाला!” बाबाने जाहीर केलं. लोकांनी हात जोडले. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

कारण चार माणसं खरंच गेली होती. अकरा वर्षांत चार हेडक्लार्क, चौघेही हृदयाच्या झटक्याने. एक तर याच टेबलावर, हातात पेन असताना कोसळला. आता बढती दादाची झाली होती. भिंतींचं रंगकाम नवं होतं, पण खुर्ची तीच होती, आणि तिच्याकडे बघताना लोक आवाज खाली आणायचे.

बाबाने खुर्चीभोवती खडूचं रिंगण आखलं आणि नेम सांगितला. “चाळीस दिवस. कचेरीत आलास की रिंगणात बसायचं, सुटेपर्यंत उठायचं नाही. घरी गेलास की पलंग. जितका हलशील तितका हिला तुझा माग लागेल. आणि त्या डॉक्टरच्या गोळ्या बंद. दोन शक्ती एका देहात नांदत नाहीत.”

हा नेम सगळ्यांना फार आवडला. आवडणारच. आमच्या कचेरीत पद वाढलं की पाय गळतात. नवा कारकून पाणी स्वतः आणतो, जुन्याला ते आणून द्यावं लागतं, आणि हेडक्लार्कला रजिस्टरचं पानसुद्धा दुसऱ्याने उघडून द्यायचं. साहेब खुर्चीतून उठला की त्याची किंमत गेली, अशी इथली पक्की समजूत आहे. या लोकांना जे हवं होतं तेच बाबाने मंत्र म्हणून विकलं.

दादा आणि मी एकाच घरात राहतो, एकाच चुलीवरचं खातो. आमचे वडीलही छातीत कळ येऊनच गेले. दादा हुशार, म्हणून टेबलाशी बसला. मी दहावीला आपटलो, म्हणून माझ्या वाट्याला जिना आला.

विसाव्या दिवशी वहिनीने मला स्वयंपाकघरात गाठलं. “भावोजी, हे मधूनच छाती दाबून बसतात. विचारलं की म्हणतात, काळ निघतोय. गोळ्या पुढे केल्या तर ताटच सरकवून दिलं. तुम्ही काहीतरी करा हो.”

मी दादाशी बोलायला गेलो. तो पलंगावर आडवा होता. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता.

“तुला बोलायला काय जातंय?” तो म्हणाला. “त्या खुर्चीत मी बसतो, तू नाही.”

मला राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. महिन्यातून एकदा आमच्या तपासणीला डॉक्टरबाई यायच्या. दादाला रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनीच दिल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. दादाला तपासायला गेल्या, तर रिंगणाबाहेर यायला तो तयार झाला नाही.

“गेल्या वीस वर्षांत इथलं कोण कशाने गेलं, याची नोंद असेल?” त्यांनी विचारलं.

“बाई, नोंदणी कचेरी आहे ही. इथे उंदीर मेला तरी दोन प्रतींत लिहितात.”

बड्या साहेबांची परवानगी निघाली. तळघरातून सेवापुस्तकं मी वर आणत राहिलो आणि बाई एकेक उघडून वय, तंबाखू, वजन, काम आणि मृत्यूचं कारण टिपत राहिल्या. ऐंशी-नव्वद पुस्तकं झाल्यावर त्या वहीची मागची पानं उलटून पुन्हा मोजू लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “आधी सगळं मोजू दे.” त्यांचा तो आवाज मला बाबाच्या आवाजापेक्षा भयानक वाटला.

अडतिसाव्या दिवशी बाबा दुसरं नाणं काढायला आला. पुन्हा तीच गर्दी. रिंगणात दादा बसला होता, ओठ पांढरे, मान खुर्चीला टेकलेली. बाबा नाणं घेणार, तोच मागून बाई पुढे आल्या.

“बाबा, आधी साबणाने हात धुता का?”

“या हातांना पाण्याची गरज नाही!”

“मग बाही वर करा.”

बाबा मागे सरकला. मी त्याचं मनगट धरलं. बाहीच्या आत शिवलेल्या कप्प्यातून एक ओली बाटली निघाली. बाईंनी दुसरं नाणं बशीत ठेवलं आणि त्यावर बाटलीतल्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा फिरवला. “हे रसकापराचं, म्हणजे पाऱ्याच्या क्षाराचं पाणी. जालीम विष आहे, कोणी हात लावू नका. नाणं ॲल्युमिनियमचं आहे. त्याच्या अंगावर एक पातळ साय असते, ती या पाण्याने फाटते. मग आतल्या धातूला हवा आणि ओल लागते, तो तापतो आणि त्याची राख होते. बघा.”

बशीतल्या नाण्यावर राख उगवली. मंत्र नाही, मूठ नाही, कोणाचा काळ नाही. कपाटावरून कोणीतरी हसलं.

“हसा!” बाबा ओरडला. “पण चार मढी कोणी पाडली ते सांगा. तीही नाण्याने पाडली?”

हसणं थांबलं. बाईंनी वही उघडली.

“चार नाहीत,” त्या म्हणाल्या. “वीस वर्षांत नोकरीत असताना हृदयविकाराने एक्केचाळीस माणसं गेली. तेहेतीस टेबलावरची, आठ जिन्यावरची. दोन्हीकडच्या माणसांची संख्या जवळपास सारखीच. सारख्या वयाची आणि तंबाखू खाणारी-न खाणारी वेगळी करून पाहिली, तरी फरक राहिला. तगडी माणसंच शिपाई म्हणून घेत असतील, ही शंका मलाही आली. म्हणून भरतीच्या वेळच्या तपासण्या काढल्या. तेव्हा दोन्हीकडची सारखीच होती. या खुर्चीतले चार तुम्हाला दिसले, कारण चौघे एका जागी होते. बाकीचे एकोणतीस वेगवेगळ्या टेबलांवर गेले, म्हणून ते कोणी मोजलेच नाहीत. या खुर्चीत माणूस येतो तो पन्नाशीला, तीस वर्षं बसून झाल्यावर. तिच्यात काही नाही. जे आहे ते तुमच्या सगळ्यांच्या खुर्च्यांत आहे.”

प्रत्येकाला आपल्या टेबलावर आधी कोण बसायचं ते आठवत होतं. तेवढ्यात बाबा जिन्याकडे सटकला, पण आवकजावकवाल्याने त्याला दारातच धरलं.

मी दादाकडे वळलो. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. डावा हात त्याने पोटाशी दाबून धरला होता.

“दादा, ऐकलंस ना? चल.”

“दोनच दिवस राहिलेत रे,” तो पुटपुटला. “आता रिंगण मोडू नका.”

सगळं डोळ्यांनी बघून, कानांनी ऐकूनही त्याला मरणापेक्षा त्या खडूच्या रेघेची भीती जास्त होती. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. बाईंनी त्याची नाडी धरली आणि मला म्हणाल्या, “याला एक पाऊलही चालवू नका. खुर्चीसकट उचला.”

आम्ही चौघा शिपायांनी खुर्ची उचलली. तीन मजले, चोपन्न पायऱ्या. दादा डोळे मिटून होता आणि त्याचा श्वास ऐकू येईनासा झाला की मी मोठ्याने त्याला हाक मारत होतो. प्रत्येक वळणावर वाटलं, खाली पोचेपर्यंत आपल्या हातात फक्त खुर्ची उरणार.

दादा वाचला. हृदयाचा एक भाग मात्र कायमचा मेला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणला असता तर बरं झालं असतं, आणि गोळ्या चालू असत्या तर त्याहून बरं.

पाचव्या दिवशी वहिनी दवाखान्यात आली ती संतापलेली. “कचेरीतले काय म्हणतायत ठाऊक आहे? अडतीस दिवस नेम पाळला म्हणून हे वाचले म्हणे! बाबाने तारलं म्हणे!”

डॉक्टरबाई तिथेच होत्या. दादाने त्यांच्याकडे हात केला.

“बाई, तुमची वही आणलीय? मला त्यात लिहा. मेलो नाही, पण टेबलाच्या बाजूला लिहा. नाहीतर हे लोक मला बाबाच्या बाजूला लिहितील.”

बाईंनी लिहिलं. मग त्या म्हणाल्या, “रोज हलतं-चालतं राहिलात की तुम्हाला पुन्हा झटका येणार नाही, असं वचन मी देऊ शकत नाही. आकडा एकट्या माणसाला वचन देत नाही. शंभरांतले किती वाचतील तेवढंच सांगतो. वचन देणारा तुम्ही पाहिलात.”

मला एवढंच म्हणायचं आहे. बाबा लोक वाचलेले मोजतात आणि मेलेल्यांची श्रद्धा कमी पडली असं सांगतात. तुम्ही दोन्ही मोजा. बाही वर करायला सांगा. गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. छातीत कळ आली तर जागचे हलू नका आणि दवाखान्याची गाडी बोलवा. कळ नसेल, आणि हे वाचायला बसून तुम्हाला बराच वेळ झाला असेल, तर आता उठा.