गाडीतली खोट

"ऐकलंस? आता तरी ऐकलंस ना?"

अंगणात गाडी उभी करून हे माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जसा काही तो गिअर मीच वाजवला होता. मी ओट्यावर चिकू निवडत बसले होते. न ऐकायला काय झालं? अर्ध्या नरपड गावाने ऐकलं असेल. फाटकातून आत वळताना ह्यांनी दुसऱ्यावरून पहिला गिअर टाकला आणि कुणी लोखंडी खाट आपटावी तसा खडाक आवाज झाला. शेजारच्या वाडीतले कावळे उडाले.

"नवीकोरी गाडी आणि हा आवाज! गिअरच्या पेटीतच काहीतरी गडबड आहे. मी सांगतो तुला, गाडीत खोट आहे."

हेडलाइटवर घातलेला झेंडूचा हार अजून पुरता सुकलाही नव्हता. लेकीने, स्वप्नाने, फोनवर कितीदा सांगितलं होतं, "बाबा, आता बिनगिअरची स्कूटर घ्या, सगळे घेतात." पण ह्यांच्या लेखी बिनगिअरची गाडी म्हणजे बिनमिठाचं जेवण. जुनी मोटरसायकल इंजिनातून गेली, ती काही महिने पडवीत ताडपत्रीखाली पडून राहिली आणि शेवटी भंगारवाला घेऊन गेला. त्या दिवशी हे जेवले नाहीत. नवी गाडी आली तेव्हा कुठे माणूस हसला.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी तलासरी तालुक्यात गेली. आरोग्य खात्यात मलेरियाचं काम. पाड्यापाड्यांत फिरायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि त्या पट्ट्या तपासायला पाठवायच्या. कागदोपत्री काशीनाथ हे नाव असलं तरी तिकडच्या पोरांच्या तोंडी ह्यांचं नाव 'काचवाला'. वळणावर गिअर बदलल्याचा आवाज आला की "काचवाला आला, काचवाला आला" करत सगळी पोरं पसार. कुणी करवंदीच्या जाळीत, कुणी भाताच्या कणगीमागे, कुणी सरळ आंब्यावर. तापाने फणफणलेलं पोर सगळ्यात आधी पळायचं. मग हे आणि फवारणीचा पंप पाठीला लावलेला त्यांचा मदतनीस हाल्या, दोघे झाडाखाली उभे राहून त्याला खाली उतरण्याच्या विनवण्या करत बसायचे.

ह्यावर ह्यांनी एक युक्ती काढली होती. झरीच्या पाड्याअलीकडे मोठा उतार आहे. उताराच्या माथ्यावर हे इंजिन बंद करायचे. गाडी गिअरमध्येच ठेवायची, डाव्या हाताने क्लच घट्ट दाबून धरायचा आणि आवाज न करता थेट पाड्याच्या मधोमध जाऊन उतरायचं. पोरांना पळायला वेळच मिळायचा नाही. "न्यूट्रल का नाही करत?" मी एकदा विचारलं होतं. "न्यूट्रलमध्ये गाडी आपल्या हातात राहत नाही," म्हणाले, "आणि क्लच सोडला की खाली पुन्हा आपोआप चालू होते, किक मारावी लागत नाही." ऐन पावसाळ्यात, तापाच्या दिवसांत, असे कितीतरी उतार रोज. घरी आल्यावर डावा पंजा गरम पाण्यात बुडवून बसायचे आणि आज आंब्यावरून कोणाला उतरवलं ते सांगून स्वतःच हसायचे. ते हसणं मला फार आवडायचं. बोहल्यावर चढलेला नवरदेवही इतका खूश दिसत नाही.

तर नवी गाडी. पहिल्या आठवड्यातच हे डहाणूच्या शोरूमला दोनदा जाऊन आले. तिथला मेकॅनिक मिथुन, दोन मुलांचा बाप, शांत माणूस. त्याने साखळी पाहिली, ऑइल बदललं, क्लचची तार जुळवली, स्वतः चक्कर मारून आला.

"काका, मक्खन आहे गाडी."

"मग मी चालवतो तेव्हा हिला काय होतं?"

"नवीन आहे ना. सेट व्हायला टाइम लागतो."

तिसऱ्या खेपेला ह्यांनी साक्षीदार म्हणून मला नेलं. मिथुन ह्यांच्या मागे बसला, दोघे स्टेशनपर्यंत जाऊन आले. जाताना खडाक, येताना खडाक. "आता?" असं विचारून हे विजयी चेहऱ्याने पाणी प्यायला आत गेले. मिथुन माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला,

"काकू, एक बोलू? गाडीला काय नाय. काकांचा क्लच पूर्ण दबत नाय. अर्धाच दाबतात नि गिअर टाकतात. आवाज होणारच."

"मग त्यांना सांग की."

"मी? मागच्या वेळी मी नुसतं 'तुमचा हात' एवढंच म्हटलं, तर त्यांनी मॅनेजरला बाहेर बोलावलं. तुम्हीच सांगा. पण सांगा हां, काकू. हायवे क्रॉस करतात ते."

खरं तर मला ते नवीन नव्हतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण गेल्या वर्षभरात माझ्याकडे येऊ लागलं होतं, "तुझ्या हाताला बरं उघडतं" म्हणत. ह्यांनी पिळलेला टॉवेल पूर्वी दोरीवर टाकताना कडकडीत असायचा, आता त्याच्याखाली पाण्याचं डबकं व्हायचं. सदऱ्याच्या उजव्या बाहीचं बटण मीच लावत होते आणि दोघेही त्याबद्दल बोलत नव्हतो. जुन्या गाडीत हे लपून गेलं, कारण तिचं सगळंच सैल झालं होतं, नुसता पाय दाखवला तरी गिअर पडायचा. नवी गाडी नवी होती. तिने चुगली केली.

पण सांगायचं कसं? निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, बाकावर बसून राजकारण करतात. हे दर मंगळवारी गाडी काढून तलासरीकडे जातात. उधव्याला कुणाकडे तरी बसायचं, झरीला हाल्याच्या घरी जायचं. हाल्या गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण त्याची मुलगी शुक्री तिथेच राहते, पाड्यावर आशाताई म्हणून आरोग्याचं काम करते. हे जातात, पोरांना उगाच "बोट दाखव बघू" म्हणून घाबरवतात, संध्याकाळी परत येतात आणि मग आठवडाभर घरात चांगले वागतात. गाडी सुटली म्हणजे ते सगळं सुटलं. मला तेवढंच भय होतं, आणि हायवेचं.

त्याच आठवड्यात शुक्रीचा फोन आला. "वहिनी, नवा भात झालाय. जेवायला ये. भाऊ एकटाच येते नेहमी, तू कव्हा येशील?"

तिकडे सगळ्यांना 'तू'च म्हणतात, कलेक्टर आला तरी 'तू'. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांना कुणी "काशीनाथभाऊ, तू बस" म्हटलं की मला राग यायचा. आता मला कुणी 'तुम्ही' म्हणालं की परकं वाटतं.

मंगळवारी सकाळी निघालो. मागे बसले खरी, पण लक्ष सगळं ह्यांच्या डाव्या हाताकडे. चार बोटं क्लचवर जायची, अर्ध्यात यायची, थांबायची. खडाक. मी ठरवलं होतं, तलासरीच्या अलीकडे चहाला थांबलो की सांगायचं. थांबलो. चहा प्यालो. हे टपरीवाल्याला गाडीच्या कंपनीबद्दल काय काय सांगत होते. मी बिस्किट बुडवून खाल्लं आणि पुन्हा मागे बसले. हायवे ओलांडताना डोळे मिटले, उघडले तेव्हा पलीकडे होतो.

झरीच्या उताराच्या माथ्यावर ह्यांनी गाडी हळू केली आणि मान वळवून म्हणाले, "आता गंमत बघ. आपण आलो ते कुणाला कळणारसुद्धा नाही."

"अहो, नको," मी म्हटलं. एवढंच म्हणता आलं.

इंजिन बंद झालं. एकदम शांत. वारा, टायरखाली मुरमाचा बारीक आवाज, खाली कापलेली भातशेतं, पाड्यातून वर येणारा चुलीचा धूर. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते फार छान वाटलं. आयुष्यभर जे नुसतं ऐकलं त्यात मी बसले होते. मग ह्यांचा डावा हात थरथरायला लागला. बोटं त्यांनी उघडली नाहीत, ती आपली आपण उघडली. क्लच झटक्यात सुटला, मागचं चाक जागच्या जागी धरलं गेलं, गाडी मुरमावरून आडवी सरकली आणि आम्ही दोघे शेताच्या बांधावर जाऊन पडलो.

लागलं फारसं नाही. माझं कोपर खरचटलं, ह्यांचा गुडघा. आरसा फुटला. पण आवाज एवढा झाला की सगळा पाडा धावत आला. पुढे शुक्री.

"काय रं भाऊ, पाडलास वहिनीला?"

"गाडीत खोट आहे," हे बसल्या बसल्या म्हणाले. "क्लच आपोआप सुटला."

शुक्रीने आधी आम्हाला घरी नेऊन पडवीत खाटेवर बसवलं, जखमा धुतल्या, औषध लावलं. मग ह्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि ह्यांचा डावा हात हातात घेतला. अंगठ्याखालचा फुगीर भाग चेपून पाहिला. तो फुगीर राहिलाच नव्हता, तिथे खळगा पडला होता. इतकी वर्षं शेजारी झोपणाऱ्या मला तो खळगा दिसला नव्हता. तिने आपली दोन बोटं ह्यांच्या मुठीत दिली.

"दाब."

हे खरचटलेल्या गुडघ्याकडे बघू लागले.

"दाब ना, भाऊ. जोरात दाब."

"दाबतोय की."

तिने वर पाहिलं, माझ्याकडे. ह्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या, मग स्वतःच्या मुठीकडे. कपाळावरची शीर तटतटली होती, दात आवळले होते, सगळं अंग दाबत होतं. तिची बोटं मात्र मुठीत सैल पडून होती. तिने ती अलगद काढून घेतली, तेव्हा मूठ होती तशीच राहिली.

मला रडू आलं. मी पदर तोंडाला लावला, कोपर दुखतंय असं दाखवलं.

शेवटी हे म्हणाले, "म्हणजे गाडी चांगली आहे."

"चांगली हाय," शुक्री म्हणाली. "नवीच हाय ना."

"उगाच त्या मिथुनला बोललो मी." मग माझ्याकडे वळून, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मंगळवारचे जाता ना," मी म्हटलं. ह्याहून शहाणं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. ह्यांनी मान हलवली. नव्या भाताबरोबर कोंबडीचा रस्सा होता. दोघांनीही नीट जेवून घेतलं, कारण न जेवता उठलो असतो तर शुक्रीने ऐकलं नसतं. परत येताना जीपने आलो. गाडी झरीतून तिच्या नवऱ्याने आणून दिली.

डहाणूच्या डॉक्टरांनी मनगटातली नस दबल्याचं सांगितलं. बराच उशीर झालाय, म्हणाले, आहे तेवढं टिकवू. कशाने होतं असं, हे मी विचारलं, तर वयाने होतं म्हणाले. डॉक्टर आहेत, म्हणत असतील. मला मात्र ते उतार दिसत होते, एकामागून एक, आणि आंब्यावर चढायला वेळ न मिळालेली पोरं.

गाडी शुक्रीला द्यायचं ह्यांचं ह्यांनीच ठरवलं. माझ्याशी बोलले नाहीत, स्वप्नालाही विचारलं नाही. "तिला चार पाडे पायी फिरावे लागतात," एवढंच कारण दिलं. शुक्रीला गाडी येते, नवऱ्याची चालवून शिकली आहे. ती नको-नको म्हणाली, मग एका सकाळी ओढणी कंबरेला बांधून नरपडला येऊन उभी राहिली.

हे आदल्या दिवशी गाडी धूत होते. उजव्या हाताने फडकं, डाव्या कोपराने बादली. नवा आरसा मिथुनने स्वतः येऊन बसवला होता. शुक्रीला ह्यांनी सगळं समजावलं, पुन्हा समजावलं. पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत पळवायची नाही. थंडीत लगेच गिअर टाकायचा नाही, इंजिन जरा चालू द्यायचं. उतारावर इंजिन बंद करायचं नाही, कधीच नाही.

"तू करीत होतास ना?"

"म्हणून सांगतोय."

"बरं. आता तू जीपने ये मंगळवारी. नाक्यावर घ्यायला येते मी. मागं बसशील ना माझ्या?"

हे ह्यावर हसले, पण हो म्हणाले नाहीत. "जा आता, ऊन होईल," म्हणाले.

शुक्रीने बटण दाबलं. पहिला गिअर टाकला. मी आवाजाची वाट बघत होते, कानांना तशी सवय लागली होती. काहीच वाजलं नाही. गाडी फाटकातून बाहेर पडली, नारळांमधून रस्त्याला लागली. दुसरा. मग तिसरा. दिसेनाशी झाली तरी इंजिनाचा सूर तेवढा ऐकू येत होता, प्रत्येक गिअरला जरासा खाली उतरून पुन्हा चढणारा.

हे फाटकाशी पाठमोरे उभे होते. मी काहीतरी बोलणार होते, पण माझी नजर त्यांच्या डाव्या हाताकडे गेली. तो बाजूला सरळ लोंबत होता, आणि तिकडे लांब शुक्रीने गिअर बदलला की इकडे त्याची बोटं मिटत होती, जेवढी मिटतील तेवढी, आणि पुन्हा हळूहळू उघडत होती.