दोन साडू आणि दोन जहाजं

सासऱ्यांनी दोन्ही जावयांना लग्नात जहाज कोरलेलं एकेक चांदीचं नाणं दिलं, आणि नकळत भांडणाचं बी पेरून ठेवलं. थोरल्या साडूचं चष्म्याचं दुकान. धाकटा शाळेत चित्रकला शिकवायचा. दोघं जेवायला एकत्र बसले की ताटं वाढायच्या आत नाणी निघायची.

"माझ्या शिडाच्या रेघा बघा, साडूभाऊ. तुमच्या पार घासल्यात."

"घासल्या नाहीत, तुमचा नंबर वाढलाय. दुकानात या, तपासून देतो."

अखेर दोघी बहिणी वैतागल्या. थोरली म्हणाली, "एकदाची तज्ज्ञांकडे पाठवा ती नाणी. नाणं किती जपलंय ते पाहून ते सत्तरपैकी गुण देतात म्हणे, आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून परत धाडतात. मग आम्हाला सुखाचा घास लागेल."

आता माघार कोण घेणार? दोघं नाणी तज्ज्ञांकडे पाठवून देणाऱ्या व्यापाऱ्याकडे गेले. वाटेत मात्र दोघंही खिशातलं नाणं चाचपत होते. आपल्यालाच कमी गुण पडले तर जन्मभर ऐकून घ्यावं लागणार, ही धास्ती दोघांनाही सारखीच होती.

व्यापाऱ्याने दोन्ही नाणी दिव्याखाली धरली, भिंगातून उलटसुलट पाहिली आणि मखमलीवर शेजारी शेजारी ठेवली.

"चांगली आहेत. पाठवायची का, ते तुम्ही ठरवा. यातलं कुणाचं कुठलं?"

धाकटा वाकला. थोरल्याने चष्मा पुसला, पुन्हा घातला. दोघांनी एकाच नाण्याकडे बोट नेलं आणि एकदमच मागे घेतलं.

"तुम्ही आधी घ्या, साडूभाऊ."

"छे छे, मान तुमचा. तुम्ही थोरले."

व्यापारी हसू दाबत कपाट आवरायला वळला. तेवढ्यात दोघांनी हाताला येईल ते नाणं खिशात टाकलं आणि पाठवायचा बेत रद्द केला. घरी सांगितलं, "दोन्ही सारखीच निघाली. उगाच कशाला पाठवायची?" बहिणींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढच्या जेवणाला पहिली भाजी वाढून होते न होते तोच थोरल्याने घसा खाकरला.

"साडूभाऊ, राग मानू नका. पण माझं नाणं तुमच्याकडे गेलंय."

"कमाल आहे," धाकटा म्हणाला. "मीही आज तेच म्हणणार होतो."

धाकट्या बहिणीने पळी खाली ठेवली आणि ताईकडे बघितलं. ताई आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात गेली. तिच्यामागोमाग धाकटीही.