स्पर्शवीणा आणि काकडी

धायरीच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी चपला काढायलाही जागा नव्हती. स्टेजवर स्पर्शानंद महाराजांची स्पर्शवीणा मांडली होती. वीणा कसली, भगव्या कापडात गुंडाळलेली पेटी आणि दोन बाजूंना पितळेची दोन कमळं. एकाने एक कमळ धरायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. की पेटी गाऊ लागे! हात आवळला की सूर चढे, सैल सोडला की उतरे. बाया पदराने डोळे टिपत होत्या.

"तार नाही, वादक नाही!" महाराज माइकवर गरजत होते. "मनातलं प्रेम त्वचेतून वाहतं, त्याचं कॉस्मिक व्हायब्रेशन होतं! परदेशातले शास्त्रज्ञ आले नि डोकं धरून परत गेले!" हे शास्त्रज्ञ कुणी पाहिले होते, हे विचारायची तिथे सोय नव्हती.

मथुराबाईंनी आधी धाकट्या सुनेचा, सुहासिनीचा, हात धरला. पेटी अशी गायली की मागच्या रांगेतूनही टाळ्या पडल्या. मग थोरलीचा, आनंदीचा. पेटीने हूं की चूं केलं नाही.

महाराजांनी डोळे मिटले. "माई, या हातात काळोख आहे. एक्केचाळीस दिवस हा तुमच्या अंगाला, अन्नाला लागता कामा नये."

मथुराबाईंनी आनंदीच्या हातातून हात सोडवला आणि पदराला पुसला. ते पुसणं आनंदीने पाहिलं.

अठरा वर्षं ती सासूचे गुडघे रोज संध्याकाळी तेल लावून चोळत होती. आता ते काम सुहासिनीकडे गेलं. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, आयटीत नोकरी करणारी सुहासिनी बिचारी जमेल तसं चोळायची. आनंदी दाराआडून बघत राही. तिला हेवा वाटे, चांगला सणसणीत हेवा. चोळतेय कसली, मोबाइलवर बोट फिरवतेय! "लई ठणकतंय गं," असं मथुराबाई कण्हल्या की आनंदीला वाईट वाटायच्या आधी बरं वाटे.

चार दिवसांनी ती शेजारच्या इमारतीतल्या बिलकिसबाईंकडे गेली. बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या.

"बाई, धाकटीनं हाताला कायतरी लावलं असणार. तिची लबाडी उघडी पाडा."

"लावलं असेल, क्रीम. तो गुन्हा नाही." बाईंनी तिचा तळहात उजेडात धरला. भाकऱ्या, धुणं, परसातलं खुरपणं. हाताला घट्टे पडले होते आणि भेगाही. "अहो, ही जाड कोरडी कातडी वीज अडवते. मऊ, ओलसर कातडीतून ती जाते. पेटीत सेलवरचं सर्किट असणार. तुम्ही हात धरता तेव्हा तुमचीच तार होते. जितकी वीज जास्त जाते, तितका सूर चढतो."

"मग माझ्या हातात काळोख न्हाय?"

"काळोख नाही, काम आहे. रविवारी मिठाच्या पाण्यात हात भिजवून जा. मीही येते."

रविवारी आनंदीने सासूला आणखी एकदा हात धरायला कसंबसं राजी केलं, आणि ओले हात पदराखाली झाकून स्टेजवर गेली. या वेळी पेटी किंचाळलीच! सुहासिनीच्या वेळेपेक्षा वरचा सूर. "माझी थोरली!" म्हणत मथुराबाईंनी तिला जवळ ओढलं. "हे माझ्या आज्ञेचं फळ!" महाराजांनी लगेच श्रेय खिशात घातलं.

सुहासिनीचा चेहरा उतरला. सात दिवस आनंदी याच चेहऱ्याची वाट बघत होती. इथेच ती गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं.

पण सुहासिनी सासूला आधार द्यायला पुढे झाली, आणि मथुराबाईंनी तिचा हात झटकून आपला हात पदराला पुसला. अगदी तसाच.

"आत्याबाई," आनंदी मोठ्याने म्हणाली, "मी मिठाच्या पाण्यात हात भिजवून आलीये. पेटीला मन कळत न्हाय, पाणी कळतं."

महाराज ओरडायच्या आत बिलकिसबाई पिशवीतून काकडी काढत स्टेजवर चढल्या. तिची दोन्ही टोकं कापलेली होती. दोघी जावांना त्यांनी एकेक कमळ धरायला लावलं, आणि मोकळ्या हातांत काकडीचं एकेक टोक दिलं. सुहासिनीने ओठ आवळत टोक पकडलं. पेटी गाऊ लागली.

"काकडीचं मनही फार निर्मळ दिसतंय, महाराज," बिलकिसबाई म्हणाल्या.

सभागृह हसलं. बाईंनी पेटीचं कापड ओढून मागची फळी काढली. आत दोन सेल, सर्किटची हिरवी पट्टी, छोटा स्पीकर.

"असं खेळणं मी सातवीच्या मुलांकडून करून घ्यायचे," बाई म्हणाल्या. "स्पर्शातून गाणं निघतं, याचा आनंद खुशाल घ्या. पण घरात कोण पापी, हे पेटीला कसलं विचारता? चमत्कार दिसला की आधी बघा, काकडीलाही जमतो का. आणि माणूस कसा आहे ते त्याच्या वागण्यावरून ठरवा. देवाने डोळे आणि डोकं दोन्ही दिलंय."

महाराज मागच्या दाराने कधी गेले, कळलंच नाही.

संध्याकाळी मथुराबाईंनी आनंदीचा तळहात उघडून घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. "इतकं राठ झालं व्हय गं? मला कधी दिसलंच न्हाय."

"दिसायला पेटी लागली तुमाला," आनंदी म्हणाली.

सुहासिनी तेलाची वाटी घेऊन आली. "ताई, मला नीट शिकवाल?"

आनंदीने वाटी तिच्या हातातून घेतली. "उद्या शिकवते. आज मी."

आणि ती गुडघे चोळायला बसली.