पालीला दिलेली गाय

आमच्या मालकाला साखर हाय म्हणावं तर न्हाई, न्हाई म्हणावं तर हाय. बीडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं असंच सांगितलं होतं. काठावर हाय म्हणाली, अजून आजार न्हाई. गोळ्या लागत न्हाईत, गोड कमी करा, रोज पायी चाला, तीन महिन्यांनी पुन्हा रगत बघू. इतकं सोपं करून सांगितलं बिचारीनं. पर सोपं सांगितलेलं पटलं तर ते आश्रुबा कसले. नवऱ्याचं नाव घेऊ नये, पर त्या साली माझा जीव इतका वैतागला होता की मी दिवसातनं चार येळा घ्यायचे.

भ्यायला कारण होतं, ते बी सांगते. माझे थोरले दीर बंकट भावजी, त्यांना साखरंनं खाल्लं. अंगठ्याला साधं खरचटल्याचं निमित्त झालं आन गुडघ्याखालनं पाय काढावा लागला. केवढा धिप्पाड माणूस, आता दारातल्या बाजंवर बसून असत्यात, उठायचं म्हणलं की दुसऱ्याचा खांदा लागतो. दवाखान्यात मालकांनीच भावाचं सगळं केलं. तवापासून त्यांच्या डोक्यात एकच बसलं, आता आपली पाळी. भावजींच्या पोरानं पुण्याहून बोटातलं रगत तपासायचं मशीन आणून दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाली होती, रोज तपासायची गरज न्हाई. ऐकतंय कोण? मशीन घरात आलं आन आमची झोप गेली.

ते साल दुष्काळाचं. तलवाड्याच्या शिवारात आमचं रान हाय, तितल्या विहिरीत तळाचे दगड दिसायला लागले. तवा आमच्या दूध सोसायटीनं चारा छावणी उघडली. आमी दोघं बैलजोडी आन पवळी गाय घेऊन छावणीवरच ऱ्हायला गेलो. पाचटाचं खोपाट केलं, तीन दगडांची चूल मांडली. चारा म्हणजे ऊस. आमच्या सहकारी कारखान्याचं चाक त्या साली फिरलंच न्हाई, मग सभासदांच्या रानात जो वाळका, बारका ऊस उभा होता तो ट्रकनं छावणीला यायचा. पाणी टँकरचं, ते बी आधी गुरांना. माणसानं पिण्यापुरतं घ्यायचं. हात धुवायची चैन कोण करणार? धोतराला नायतर लुगड्याला पुसला की हात साफ झाला.

आन आमच्यात एक रीत हाय. गुरांच्या तोंडात घातल्याबिगर आपल्या तोंडात काई घालायचं न्हाई. म्हणून मालक उठले की कोयता घ्यायचे, उसाच्या कांड्या तोडायच्या, तिन्ही जनावरांपुढं टाकायच्या. मग हात पुसून मशीन घेऊन बसायचे, उपाशी पोटी तपासावं म्हणून. मग चहा.

आकड्याचा काई मेळच लागंना. आज एकशे चार, तर उद्या एकशे नव्वद. परवा दोनशेच्या वर. मालक त्या आकड्याकडं असे बघत बसायचे की वाटावं तितनं यमराजच निघतोय. मग दिवसभर पायाच्या अंगठ्याला हात लावून बघायचे. मुंग्या येत्यात का, गार लागतंय का, मला बी हात लावून बघायला लावायचे. मी म्हणायचे, अहो पाय गरम हाय, जागच्या जागी हाय. त्यांना वाटायचं मी मन राखायला बोलते.

मग संशय आला. म्हणाले, तू चहात साखर घालतीस. मी चूल सोडून उठले. सणासुदीला बी गूळ शिवला न्हाई मी त्यांच्यापायी, स्वतः बिनसाखरेचा चहा पिऊन पिऊन तोंडाची चव घालवली, आन वर हे! लई बोलले मी त्या दिवशी. खरं सांगायचं तर मला बी त्यांचा संशय होता. वाटायचं, ऊस तोडताना गपचिप एखादी कांडी चावत असतील. एकदा तर मी जवळ जाऊन त्यांचं तोंड हुंगलं. या वयात ही येळ आली. तोंडाला उसाचा वास नव्हता, नुसता उपाशी माणसाचा वास होता.

ज्या दिवशी ट्रक यायचा न्हाई त्या दिवशी मात्र आकडा बरा यायचा. हे त्यांच्या बी ध्यानात आलतं. पर अर्थ काय लावला? म्हणाले, गुरं उपाशी असली की मला बी घास जात न्हाई, म्हणून साखर उतरती. म्हणजे भाकरच बाधती. झालं, भाकर तोडली. मग वाळले, गालफडं बसली, आन बसलेली गालफडं दाखवून मलाच विचारायचे, आता तरी पटलं का आजार हाय म्हणून?

पवळीचं सांगायचं ऱ्हायलं. माझ्या बापानं लग्नात मला कालवड आंदण दिलती, तिच्याच वंशातली ही. घर त्यांचं, रान त्यांचं, बैल त्यांचे, पर गाय माझी. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दूध सोसायटीला जायचं, ते बी माझ्या नावावर. त्या साली ती गाभण होती, पोट दिसायला लागलं होतं.

एका सकाळी आकडा लईच वर गेला. मालक उठले न्हाईत. म्हणाले, पवळी भिवराला देऊन टाकू. भिवराबाई माझी धाकटी नणंद, पाली गावात असती. नवरा गेलेला, म्हैस बी दुष्काळात मेलेली. पालीला बिंदुसरा नदीच्या धरणात त्या साली गाळच होता, तरी चार घागरी पाणी निघायचं. मालकांचा हिशोब असा, की गाईला पाणी मिळंल, बहिणीचं घर चालंल, आन गाईचं दान केलं म्हणजे आपल्या मागची पीडा टळंल. छावणीतल्या कुण्या म्हाताऱ्यानं हे शेवटचं डोक्यात घातलं होतं.

मी भांडले. म्हणले, दान करायचं तर स्वतःचा बैल करा, माझी गाय कावून? ते चिडले न्हाईत. चिडले असते तर मी ऐकलंच नसतं. खाली बघून म्हणाले, "छबे, माझा पाय गेल्यावर तुला गाय लागंल का मी लागंन?"

मी पवळीला हळदकुंकू लावलं, पाठीवर खण टाकला आन दावं त्यांच्या हातात दिलं.

मालक चार-सहा दिस पालीला ऱ्हायले. रीतीनं बहिणीच्या हातावर पाणी सोडून गाय दिली. तितं रोज आकडा बरा आला. शंभराच्या आसपास, एक दिवस तर त्याच्या बी खाली. परत आले ते तोंडावर तेज घेऊनच. भाकर मागून खाल्ली. म्हणाले, बघ, दान पोचलं. मला बी बरं वाटलं. गाय गेली पर माणूस माघारी आला, असं मी माझ्या मनाला समजावलं. पवळीच्या मोकळ्या दाव्याकडं मात्र बघवत नव्हतं.

छावणीवर आल्यावर तिसऱ्याच दिवशी मशीननं दोनशे दहा दाखवलं. मालक दान कमी पडलं म्हणाले. आता बैलाचं बघावं लागंल म्हणाले. तवा माझं डोकं फिरलं. त्या सकाळी मी बी त्यांच्यासंगं ऊस तोडला होता. मी त्यांच्या हातातलं मशीन ओढून घेतलं, म्हणले बघा आता माझं, मी तर धडधाकट हाय ना? बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला.

दोनशे चाळीस.

मालकांचं तोंड पांढरंफट पडलं. तुला बी, एवढंच म्हणाले. मी बी भ्याले, खोटं कशाला बोलू. पर भाकरी तर करायच्याच होत्या. पीठ मळायला हात लागतो धुतलेला, तेवढ्यापुरतं पाणी आमी ठेवायचो. हात धुतला, परातीत पीठ घेतलं, आन मन ऐकंना. पीठ तसंच ठेवलं, दुसरं बोट टोचलं. ब्याण्णव.

दीडशे साखर घटकाभरात गेली कुटं? मी मशीनकडं बघितलं, धुतलेल्या हाताकडं बघितलं, मग मालकांच्या हाताकडं बघितलं. त्यांचा हात धरला आन बोटं चाटून बघितली. गोड. उसाचा रस वाळून बसला होता बोटांवर, धोतराला पुसून काय जातोय तो? मी पिण्याच्या पाण्याचा तांब्या त्यांच्या हातावर ओतला. सगळा ओतला. म्हणले, आता टोचा.

एकशे सात आलं. काठावर. डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं तितंच.

माणसानं अशा येळी नाचायला पायजे. मालक आपल्या ओल्या हाताकडं बघत बसले. मला वाटलं आता हसतील. ते म्हणाले, "पवळी उगीच गेली गं."

मी लगेच म्हणले, चला पालीला, गाय घेऊन येऊ. त्यांनी मान हालवली. बहिणीच्या हातावर पाणी सोडलेलं माघारी मागितलं तर तोंड कुटं दाखवायचं? ते खरंच होतं. लेकीबाळीला दिलेलं कोण परत आणतं? तरी मला ऱ्हाववंना. दोन-तीन महिने कळ काढली, मग मी एकटीच गेले. मनात म्हणलं, मागायची न्हाई, नुसतं झालं ते सांगायचं. भिवरा शहाणी हाय, आपणहून म्हणंल, वहिनी, तुमची गाय घेऊन जावा.

गेले तर पवळी व्यालेली. तांबडी कालवड झालती, तिच्याच तोंडावळ्याची. भिवरानं मला बसायला घोंगडी टाकली, दुधाची वाटी पुढं ठेवली. किती दिसांनी तिच्या अंगावर जरा मास दिसलं. पालीच्या सोसायटीत आता तिच्या नावानं दूध जातंय, हे तिनं दोनदा सांगितलं. मी तोंड उघडणार, तर तीच माझे हात धरून म्हणाली, "वहिनी, दादाचा आजार पवळीनं नेला बघा. तुमची गाय होती, तुमी मन मोठं केलं, म्हणून माझा भाऊ पायावर उभा हाय. मी रोज तुमचं नाव घेऊन तिच्या पाया पडते."

काय सांगू तिला? उसाचा रस होता म्हणून? सांगितलं असतं तर तिनं त्याच घडीला दावं सोडून माझ्या हातात दिलं असतं, तशीच हाय ती. मग सकाळी सोसायटीला काय घेऊन गेली असती? मी म्हणले, व्हय गं, गाईनंच नेला. दुधाची वाटी संपवली. निघताना पवळीला हात लावला न्हाई. हात लावला असता तर माझ्यानं निघणं झालं नसतं.

छावणीवर माघारी आल्यावर मालकांनी विचारलं, सांगितलंस का? मी न्हाई म्हणले. बरं केलंस म्हणाले आन तोंड फिरवून बसले.

पुढं पाऊस झाला, छावणी मोडली, आमी घरी आलो. आता मालक पोटभर जेवत्यात, रोज पायी रानापर्यंत जाऊन येत्यात. आठवड्यातनं एकदा साबणानं हात धुऊन बोट टोचत्यात. आकडा काठाच्या वर जात न्हाई. जाऊ बी नये, देवाशपथ मला तेच पायजे. पर आकडा बरा आला की ते सवयीनं मशीन माझ्यापुढं धरत्यात, आन मी म्हणते, मला नका दाखवू. कारण तो आकडा बरा हाय म्हणजे माझी गाय उगीच गेली.